विलक्षण दृश्य व्हिडिओत सामान्य का दिसते?

पांथस्थ (प्रश्न)
अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या 'ओल्ड फेथफुल' या गायझरचे, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या उकळत्या पाण्याच्या फवाऱ्याचे, मी मोबाइलवर चित्रण केले. प्रत्यक्ष पाहताना मी थक्क झालो होतो. परंतु पडद्यावर तोच फवारा बागेतल्या कारंज्यासारखा दिसतो. व्हिडिओ लांबू नये म्हणून मी त्याचा वेग दुप्पट केला असून मागे संगीत लावले आहे. पुढील प्रवासात रात्री चमकणाऱ्या समुद्राच्या लाटा टिपण्याचा विचार आहे. कमतरता कॅमेऱ्यात आहे की माझ्यात, हे जाणकारांनी स्पष्टपणे सांगावे.

संथवाहिनी
दोष वेगाचा आहे. हा फवारा सुमारे 32 ते 56 मीटर उंच जातो. 40 मीटरवरून पाण्याला खाली यायला जवळपास तीन सेकंद लागतात, तर एक मीटर उंचीच्या कारंज्यातले पाणी अर्ध्या सेकंदाच्या आतच खाली येते. पडद्यावर उंची मोजायला दुसरे साधन नसल्यामुळे आपला डोळा नकळत या पडण्याच्या वेळेवरूनच आकाराचा अंदाज बांधतो. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट केला की भासणारी उंची निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. म्हणजे आपण 40 मीटरचा फवारा स्वतःच्या हाताने 10 मीटरचा करून ठेवला आहे. चित्रपटांत छोट्या प्रतिकृती प्रचंड भासाव्यात म्हणून त्यांचे चित्रण सेकंदाला जास्त फ्रेम, म्हणजे जास्त स्थिरचित्रे, टिपून करतात आणि ते संथ दाखवतात, त्यामागेही हेच गणित आहे. व्हिडिओ छोटा करायचा असेल तर तो कापावा, पळवू नये. शिवाय फवाऱ्याच्या जवळपास उभी असलेली माणसे चौकटीत राहू द्यावीत. आपण बहुधा ती कटाक्षाने टाळली असतील.

कानोसा
वेगाचा मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्याने काम भागेल असे मला वाटत नाही. दोन उद्रेकांमध्ये साधारण दीड तास जातो, आणि त्या प्रतीक्षेमुळेच तो क्षण एवढा मोठा वाटतो. आपल्या व्हिडिओत पहिल्याच सेकंदाला पाणी उसळत असेल, तर पाहणाऱ्याने वाट पाहिलेलीच नसते. आधीची पाच सेकंदे नुसती वाफ, ताटकळलेली गर्दी आणि तिची कुजबुज दाखवावी. संगीत तर काढूनच टाकावे, कारण वाफेचा फूत्कार पुन्हा कोठून आणणार? वाऱ्याची घरघर टाळण्यासाठी मायक्रोफोनवर केसाळ आवरण चढवावे आणि निघण्यापूर्वी अर्धा मिनिट केवळ तेथील आवाज टिपून ठेवावा. संकलनात तो फार उपयोगी पडतो.

निशाचर
लाटांविषयी आधीच सावध करतो. हा प्रकाश पाण्यातले एकपेशीय सूक्ष्मजीव देतात. पाणी ढवळले गेले की ते चमकतात आणि प्रत्येकाची चमक क्षणभरच टिकते. आपण पाहिलेली झगझगीत निळी छायाचित्रे बहुधा अनेक सेकंद प्रकाश साठवून काढलेली असतात. डोळ्यालाही ते दृश्य तितके तेजस्वी दिसत नाही. व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एका फ्रेमला जास्तीत जास्त सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो. म्हणून चंद्र नसलेली रात्र निवडावी, मोठ्या छिद्राची लेन्स आणि ट्रायपॉड घ्यावा, शटर 1/25 सेकंदावर ठेवावे आणि फोकस हाताने लावावा, कारण अंधारात स्वयंचलित फोकस सारखा चाचपडत राहतो. मोबाइलचा पडदा अगदी मंद ठेवावा, कारण अंधाराला डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका लखलखीत पडद्याने ती मेहनत वाया जाते. छायाचित्रे जोडून टाइमलॅप्स केला, तर तसे खाली लिहावे. न लिहिणे ही माझ्या मते फसवणूक आहे.

पांथस्थ
सर्वांचे आभार. मूळ फाइल सापडली. माणसे मी खरोखरच टाळली होती, तरी डाव्या कडेला एक टोपी आली आहे आणि ती आता मुद्दाम ठेवली आहे. मूळ वेगाने पाहिल्यावर फवारा पुन्हा उंच झाला. एक शंका उरते: पाणी उसळण्यापूर्वीच्या शांततेत कोणीतरी मोठ्याने शिंकले आहे. तो आवाज काढावा का?

कानोसा
मुळीच काढू नये.