आधी तारीख, मग दिग्दर्शक, अन् गोष्ट शेवटी?

रोही_हाकल्या (आर्वी तालुका)

हरभऱ्यात रोही (नीलगायी) शिरतात म्हणून सध्या रोज जागल आहे. झोप येऊ नये म्हणून मचाणावर बसून मोबाईलवर पिक्चर पाहतो, ब्राइटनेस अगदी कमी करून. उजेड वाढवला की किडे तोंडावर येतात. काल मार्व्हल स्टुडिओचा सुपरहिरोंचा पिक्चर, २०२३ चा 'द मार्व्हल्स', लावला. मधातच खाली उतरलो, बॅटरी मारत धुऱ्यानं चक्कर मारली, पिक्चर वर चालूच ठेवला होता. परत येऊन बसलो तर काही सुटलं असं वाटलंच नाही. त्याच स्टुडिओचा जुना 'विंटर सोल्जर' पाहत होतो तेव्हा डुकरं अर्धा तास तूर लोळवून गेली, मला पत्ता नव्हता. बाबानं सकाळी जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे मार्व्हल स्टुडिओवाले आधी कॅलेंडर भरतात, मग त्या खणात बसणारा दिग्दर्शक शोधतात, गोष्ट सगळ्यात शेवटी. 'द कॅंग डायनॅस्टी' या ठरलेल्या पिक्चरचंच पाहा. १ मे २०२६ ही तारीख लावून ठेवली होती. दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटन निघून गेला. डिसेंबर २०२३ मध्ये कॅंग या खलनायकाचं काम करणाऱ्या जोनाथन मेजर्सला काढलं. जुलै २०२४ मध्ये नाव 'डूम्सडे' झालं, खलनायक डॉक्टर डूम झाला, 'विंटर सोल्जर'वाले दिग्दर्शक रुसो बंधू परत आले. नाव, खलनायक, दिग्दर्शक सगळं बदललं, तारीख मात्र १ मेच! नंतर ती १८ डिसेंबरवर गेली ते वेगळं. अशानं पिक्चर बनते का सांगा.

तर्री_पोहा

भाऊ, तूर गेली त्याचा राग मार्व्हलच्या फायगीवर काहून काढता? २००८ च्या 'आयर्न मॅन' पासून २०१९ च्या 'एंडगेम' पर्यंत २२ पिक्चर, ११ वर्षं, सगळ्यांवर निर्माता एकच, केव्हिन फायगी. 'एंडगेम'नं जगात २८० कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. हे कॅलेंडरशिवाय झालं काय? ऑक्टोबर २०१४ मध्येच त्याईनं २०१९ पर्यंतची यादी स्टेजवरून वाचून दाखवली होती, तेव्हा कोणी बोंबललं नाही.

अन् तुमी 'विंटर सोल्जर'चं कौतुक करता, तर तो बनवणारे रुसो कोठून आले होते? टीव्हीवरच्या कॉमेडी मालिकांतून. मोठ्या अ‍ॅक्शन पिक्चरचा अनुभव शून्य. त्याईले निवडलं कोणी? स्टुडिओनंच ना?

गोष्ट आधी पायजे म्हणता, तर 'आयर्न मॅन'च्या शूटिंगले पक्की पटकथा नव्हती, संवाद सेटवर बनत होते. तरी त्याच पिक्चरवर सारा डोलारा उभा राह्यला.

रोही_हाकल्या

'आयर्न मॅन'चं मान्य. पण तिथं पटकथा नव्हती तरी दिग्दर्शक जॉन फॅवरो होता, अन् त्याला डोकं चालवायची मोकळीक होती. दिग्दर्शक एडगर राइटचं काय झालं? 'अँट-मॅन'वर त्यानं कित्येक वर्षं काढली, पटकथा त्याची, जमवलेले नट त्याचे. स्टुडिओनं त्याच्याशिवायच पटकथा बदलून घेतली अन् मे २०१४ मध्ये तो निघून गेला. त्याच्या जागी पेटन रीड आला, जुलै २०१५ ला पिक्चर लागला. वाईट नव्हता. पण पाहताना सारखं वाटते की हे लग्न दुसऱ्याच नवरदेवासाठी ठरलं होतं.

गुलाबी_बोंडअळी

नवरदेव बदलला तरी जेवन चांगलं होतं ना? मंग खा अन् गुमान घरी जा 😄

मास्तर_३५एमएम (मेहकर)

थोडा मुद्द्याचा तपशील देतो. अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्टेल या दिग्दर्शिकेला 'ब्लॅक विडो'साठी विचारणा झाली होती. तिने नंतर सांगितलं की बोलणीच्या वेळी तिला म्हणण्यात आलं, मारामारीच्या दृश्यांची काळजी करू नका, ते आम्ही पाहून घेऊ. तिने नकार दिला. या पिक्चरांमधल्या मोठ्या मारामाऱ्या शूटिंगच्या कितीतरी आधी संगणकावर कच्च्या स्वरूपात बनतात. कॅमेरा कुठे फिरणार, इमारत कधी पडणार, हे बरंचसं तिथेच ठरतं. म्हणजे दिग्दर्शकाच्या हाती उरतात बोलण्याचे प्रसंग. शेवटची वीस मिनिटं सगळ्या पिक्चरांची सारखी का वाटतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मात्र मोकळीक दिली की सोनं पिकतं, हेही खरं नाही. 'जोकर' २०१९ मध्ये चालला म्हणून दिग्दर्शक टॉड फिलिप्सला २०२४ च्या दुसऱ्या भागासाठी हवं ते करू दिलं. तो कसा पडला ते सर्वांनी पाहिलं.

कापूसकोंडी

मार्टेल सोडली तर सगळे पुरुष दिग्दर्शकांबद्दल हळहळताय, म्हणून लिहिते. ज्या 'द मार्व्हल्स'वरून हा धागा काढला, त्याच्या दिग्दर्शिका निया डाकोस्टा पिक्चर लागायच्या आधीच मुलाखतीत बोलल्या होत्या की शेवटी हा फायगीचाच पिक्चर आहे. पिक्चर पडल्यावर मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर काय म्हणाले? सेटवर वरच्या लोकांची देखरेख कमी पडली! म्हणजे काम करताना पिक्चर मालकाचा, अन् पडला की बाईकडे लक्ष द्यायला माणूस नव्हता. आमच्या बचत गटात पापड फसले की असंच होते. मीठ सांगणारी वेगळी, अन् बोलणं खाते लाटणारी.

दिग्दर्शिका क्लोई झाओचंही तसंच. एकीकडे तिला ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी, २०२१ ला, 'इटर्नल्स' आला. दहा नवीन हिरो एकाच पिक्चरात ओळखून द्यायचे, हे तिनं ठरवलं असेल काय?

तर्री_पोहा

ताई, 'इटर्नल्स' झोपेची गोळी होता, त्याले बाई-माणूस काय करणार.

कापूसकोंडी

झोप लागली तर जागलीवर जा, तिथं माणूस कमी आहे.

वडशाची_गाडी (देसाईगंज)

मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात पडद्यामागं काम करतो, पाच सीझन झाले. तुमचा वाद वाचून हसू आलं. आमच्याकडं पण तारीखच आधी ठरते. धान निघाला की गावोगावचे मंडळवाले वडशाला येतात. शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) दिवस धरून नाटकाची तारीख पक्की करतात, बयाणा देऊन जातात. कधीकधी नाटकाचं फक्त नाव असते, शेवटचा अंक लिहून व्हायचा असते. पण पोस्टरवर नाव छापून मोकळे! नट लोकं एका रात्री एक नाटक, दुसऱ्या रात्री दुसरं. प्रॉम्प्टर नसला तर अर्धा सीझन बसून जाईल.

मागच्या सीझनला एका कंपनीनं (नाव नाही सांगत, परत तिथंच काम मागायचं आहे) मधातच दिग्दर्शक बदलला. नव्यानं येऊन विनोदी प्रवेश वाढवला अन् आईच्या मरणाचा प्रवेश कापला. पहिल्या गावात रात्री दीडच्या सुमारास मागच्या बाया सतरंज्या झटकायला लागल्या. मी विंगेतून पाहत होतो. झटकलेल्या सतरंजीची धूळ लाईटमध्ये दिसते, ती दिसली की समजायचं नाटक गेलं. दुसऱ्या गावाला जाताना गाडीतच आईचा प्रवेश परत घातला.

म्हणून माझं मत दोघांहून वेगळं आहे. तारीख आधी असली तरी चालते. पण चूक दिसली की दुसऱ्या रात्री सुधारता आली पाहिजे. हॉलिवूडवाल्याला सतरंजी दिसते तेव्हा पुढचे तीन पिक्चर अगोदरच शूट झालेले असतात.

रोही_हाकल्या

हे पटलं. २०२१ ला चार पिक्चर अन् वरून पाच मालिका काढल्या होत्या मार्व्हलनं. धूळ पाहायला वेळ कोणाला होता? २०२४ ला आयगरनंच सांगितलं की आता वर्षाला दोन, फार तर तीन पिक्चर.

तर्री_पोहा

म्हंजे त्याईनं सुधारलंच ना! माहाच मुद्दा आला. अन् मार्व्हलच्या समोरचे, सुपरमॅन-बॅटमॅनचे डीसीवाले पाहा, त्याईच्याकडं तर प्लॅनच नव्हता. २०१७ चा 'जस्टिस लीग' दिग्दर्शक स्नायडरनं अर्धा सोडला, दुसऱ्या दिग्दर्शकानं, व्हेडननं, येऊन जोडला, २०२१ ले परत स्नायडरचा चार तासाचा आला. 'बॅटगर्ल' तर ९ कोटी डॉलरच्या घरात खर्च करून ऑगस्ट २०२२ मध्ये डब्यात टाकला. यापेक्षा कॅलेंडर बरं नाही काय?

मास्तर_३५एमएम

म्हणून तर २०२२ च्या शेवटी तिथे जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांना प्रमुख म्हणून बसवलं. गनचा जाहीर नियम आहे, पटकथा पूर्ण झाल्याशिवाय शूटिंग नाही. एक पिक्चर पटकथा मनासारखी न झाल्याने रद्दही केल्याचं त्यांनी सांगितलं. प्रमुख स्वतःच लेखक-दिग्दर्शक असला की फरक पडतो. २०२५ च्या 'सुपरमॅन'ने ६० कोटी डॉलरच्या वर कमावले. गंमत म्हणजे २०१८ मध्ये याच गनला डिस्नेने काढून टाकलं होतं, आणि २०१९ मध्ये परत बोलावलं.

तर्री_पोहा

६० कोटी म्हंजे 'एंडगेम'चा पावभागही नाही मास्तर.

गुलाबी_बोंडअळी

तुमी कोटीत भांडा. मी 'मिन्नल मुरली' पाह्यला, २०२१ चा, बेसिल जोसेफचा. गावातला शिंपी, अंगावर वीज पडते, सुपरहिरो होते. खलनायक पण गावचाच, त्याचं प्रेम पाहून मले रडू आलं. ना कॅलेंडर ना मार्व्हलसारखे पिक्चरचे टप्पे (फेज). आपल्याकडं वीज पडली तर तलाठी पंचनाम्याले तरी येते काय ते पाहा आधी.

रोही_हाकल्या

😂 ते जाऊ द्या. १८ डिसेंबरला 'डूम्सडे' नागपूरला पाहायचा का? मी शिव्या देत का होईना, येणार. पण तेव्हा हरभरा नेमका कोवळा असते. एक रात्र जागलीला माणूस पाहिजे.

कापूसकोंडी

तर्री_पोहाला बसवा. 'इटर्नल्स' लावून द्या सोबत.

वडशाची_गाडी

माझं जमणार नाही. डिसेंबरमध्ये आमच्या तारखा लागलेल्या असतात.