वन बीएचके आणि जर्मन पाहुणी
प्रश्न असा, वेगळी खोली नसेल तर परदेशी विद्यार्थी घरी राहायला ठेवता येईल का? आमच्या दादरच्या घरी जर्मन मुलगी दहा महिने राहिली, लेकीच्याच खोलीत. जागेचं काही अडलं नाही, अडलं पोळीवर. सासूबाई तव्यावरची गरम पोळी वाढत राहायच्या आणि ती बिचारी पानात टाकायचं नाही म्हणून खात राहायची. 'पुरे' म्हणायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

कागदपत्रं मात्र हलक्यात घेऊ नका. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत एफआरआरओला (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला) ऑनलाइन कळवायचं, ज्याला सगळे 'फॉर्म सी' म्हणतात. हे काम यजमानाचं, पाहुण्याचं नव्हे. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे नोंदणी, ती वेगळी. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'पेइंग गेस्ट ठेवलीय' अशी कुजबुज सुरू होते. आमच्याकडे झालीच.

लोकलची भीती तुम्हालाच जास्त वाटेल. पंधरा दिवस लेक तिच्यासोबत गेली. पुढे ती जर्मन मुलगीच मला सांगायची, "मावशी, स्लो पकडू, फास्टला गर्दी आहे."