ईएएफ डस्ट: सायट्रिक ॲसिडने जस्त ६० टक्क्यांवरच का अडतं?

रसायन_विद्यार्थी
इलेक्ट्रिक आर्क फर्नेसच्या (ईएएफ, विजेवर पोलाद वितळवणारी भट्टी) बॅगहाउसमधली, म्हणजे धूर गाळणाऱ्या पिशव्यांमधली, धूळ आहे. जस्त २४%, लोह ३०%, चुना (कॅल्शियम ऑक्साइड) ६%, शिसे २%, क्लोराइड ४%. सल्फ्युरिक टाळायचं म्हणून ०.५ मोलर सायट्रिक ॲसिड घेतलं. लिटरला १०० ग्रॅम धूळ, ६० अंश, दोन तास. शेवटी पीएच ४.५ च्या आसपास. जस्त ६० टक्के उतरतं आणि थांबतं. वेळ वाढवून किंवा ९० अंशांवर नेऊन फक्त लोह वाढतं. शिवाय गाळताना पांढरट, चिकट थर बसतो आणि व्हॅक्यूम लावूनही द्रावण थेंबथेंब येतं. गाळलेल्या द्रावणात सोडा घातला तर जस्त खाली बसत नाही. ॲसिड बदलू की तापमान?

स्पिनेल
दुसरं सौम्य आम्ल घेऊन किंवा तापमान बदलून फारसा फरक पडणार नाही. अडथळा खनिजाचा आहे. उतरतंय ते झिंक ऑक्साइड. उरलेलं जस्त झिंक फेराइटमध्ये (जस्त आणि लोहाचं एकत्र ऑक्साइड) आहे आणि सौम्य सेंद्रिय आम्लं त्याला फारसा हात लावत नाहीत. हिशोब करून पाहा: १०० ग्रॅम धुळीतलं उरलेलं ९.६ ग्रॅम जस्त फेराइटमध्ये धरलं तर त्याला १६.४ ग्रॅम लोह लागतं. तुमच्याकडे ३० आहे, म्हणजे बाकीचं मुख्यतः मॅग्नेटाइट (लोहाचं ऑक्साइड). आकडे जुळतात.

एकट्या एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची चाचणी) विसंबू नका. फेराइट आणि मॅग्नेटाइट दोन्हींची स्फटिकरचना एकच (स्पिनेल), त्यांची शिखरं जवळपास एकावर एक पडतात. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात थोडी धूळ ढवळा. त्यात ऑक्साइडचं जस्त उतरतं, फेराइटचं राहतं. तो तुमच्या थेट लीचिंगचा (द्रावणात विरघळवून धातू काढण्याचा) कमाल आकडा.

पांढरा थर बहुधा कॅल्शियम सायट्रेट. ते गरम पाण्यात थंडपेक्षा कमी विरघळतं, म्हणून ९० अंशांवर गाळणं आणखी बिघडतं. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाका: विरघळलं तर सायट्रेट, तसंच राहिलं तर सिलिका जेल.

पीएच_साडेनऊ
सोड्याने जस्त बसत नाही कारण सायट्रेट त्याला धरून ठेवतं. आम्ल ‘हिरवं’ असलं तरी असं सांडपाणी हिरवं नसतं: सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) प्रचंड, आणि शिसे-कॅडमियम विरघळलेलंच राहतं.

इतका चुना असताना मी क्षारधर्मी बाजूनेच जाईन. आधी धुणं: एक भाग धूळ, दहा भाग पाणी, अर्धा तास. चुन्यामुळे पीएच १२ पर्यंत चढतो आणि थोडं शिसे पाण्यात निघून जातं. म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ९ ते ९.५ वर आणा. चुन्याचं कार्बोनेट होतं, शिसेही तळाशी राहतं. क्लोराइड गेलं का ते सिल्व्हर नायट्रेटने बघा (नमुना आधी नायट्रिकने आम्ल करून, नाहीतर कार्बोनेटचाच पांढरा साका दिसेल). कॅल्शियम फ्लोराइड मात्र या धुण्याने जात नाही.

मग १ मोलर ग्लायसिन (एक अमिनो आम्ल), म्हणजे लिटरला ७५ ग्रॅम. कॉस्टिक सोड्याने पीएच ९.५, धूळ तेवढीच, २५ ते ४० अंश. सुमारे ०.२२ मोल जस्त उतरायचं असल्याने ग्लायसिन चौपटीहून जास्त आहे, पुरतं. लोह जवळपास येत नाही. तांबं आणि थोडं शिसे येतं. ते झिंक पावडरने खाली पाडा, पण हवेपासून वाचवून. विरघळलेला ऑक्सिजन पावडर खातो आणि शिसे परत द्रावणात जातं. मग सोडियम सल्फाइडने झिंक सल्फाइड बसवा. ग्लायसिन पुन्हा वापरता येतं.

सल्फाइडचं भांडं आणि सायट्रिकचं जुनं द्रावण चुकूनही एकत्र ओतू नका. हायड्रोजन सल्फाइड जीवघेणा आहे.

स्पिनेल
ग्लायसिनचा मार्ग बरोबर, पण ४०% जस्त गाळातच राहतं. लोह भट्टीत परत घालायचं असेल तर तो अर्धवट उपाय आहे. फेराइट आधी फोडा: चुना मिसळून १००० अंशांच्या आसपास भाजलं की लोह कॅल्शियम फेराइटमध्ये जातं आणि जस्त ऑक्साइड म्हणून सुटं होतं. सगळं लोह धरलं तर १०० ग्रॅम धुळीला ३० ग्रॅम चुना. ६ आधीच आहे, वरून २४. फक्त फेराइटपुरता मोजलात तर कमी पडेल, मॅग्नेटाइटही भाजताना चुना घेतं. धुणं भाजण्याआधीच करा, नाहीतर शिशाची आणि अल्कलीची क्लोराइडं धुरात उडतात. भाजल्यावर आम्लाकडे वळू नका, ते चुन्यातच संपून जाईल.

पीएच_साडेनऊ
एक भर. धुळीत क्रोमियम असेल, विशेषतः स्टेनलेसची, तर हवेत चुन्यासोबत भाजल्यावर हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) तयार होतं. नमुना पाण्यात ढवळून गाळा, गाळलेलं पाणी आम्ल करून डायफिनाइलकार्बाझाइड टाका. जांभळट रंग आला तर तो मार्ग सोडा.

रसायन_विद्यार्थी
थर हायड्रोक्लोरिकमध्ये पूर्ण विरघळला. ग्लायसिन किती वेळा फिरवता येईल?

पीएच_साडेनऊ
ठरावीक आकडा नाही. सल्फाइड आणि कॉस्टिकमधलं सोडियम साठत जातं, धुणं अपुरं असेल तर क्लोराइडही. प्रत्येक फेरीत दोन्ही मोजा आणि थोडं द्रावण बाहेर काढत राहा. सल्फाइड नेमकं घाला. जास्त झालेलं पुढच्या फेरीत सुटणारं जस्त लगेच बसवतं आणि ते गाळासोबत टाकलं जातं.