२४ व्होल्ट जोडताच बक (व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर) जळतो, त्याबद्दल

दादा, २४ व्होल्टचा प्लग लावताच बकचा आयसी एलएम२५९६ जातो आणि ५ व्होल्टच्या लाइनवर थेट २४ येतात, असं तुम्ही लिहिलंय. वर बहुतेकांनी लोडला, म्हणजे आउटपुटला जे जोडलंय त्याला, दोष दिलाय. मला संशय इनपुटचा येतो. आधी जळालेल्या आयसीच्या पिन १ (इनपुट) आणि २ (आउटपुट) मध्ये मीटर धरा. शॉर्ट दाखवला तर आतला स्विचच गेलाय.

वायर लांब आणि इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर असेल, तर चालू सप्लायला प्लग लावताना वायरच्या इंडक्टन्समुळे क्षणभर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज उसळू शकतं. म्हणजे ४८, आणि या आयसीची कमाल मर्यादा ४५. मीटरवर हे दिसणारच नाही. ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर लावा, म्हणजे ती एक उसळी पकडून ठेवेल; प्रोबची ग्राउंड वायर अगदी आखूड ठेवा.

सिरॅमिकला समांतर १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक आयसीच्या अगदी जवळ लावा. त्याचा ईएसआर, म्हणजे आतला छोटा रोध, उसळी जिरवतो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) घ्याल तेव्हा १०५ अंश तापमान सोसणाराच मागा. आपल्या नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतं, बंद डब्यात तर त्याहून जास्त.

आणि नवा आयसी बसवल्यावर कंट्रोलर बोर्ड लगेच जोडू नका. आधी डमी लोडवर, म्हणजे बोर्डाऐवजी साधा रोध जोडून, ५ व्होल्ट तपासा.