मदत हवी आहे: खाज तिसऱ्यांदा आली, मलम संपलं

जायांची माळ
अंगावरून पांढरं जातंय, दह्यासारखं, आणि जागेवर भयंकर खाज. मेडिकलवाल्याचं मलम लावलं की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. वय ३३, डायबेटिस आहे पण शुगर एकदम कंट्रोलमध्ये. चतुर्थी पंधरा दिवसांवर, घरात वीस माणसं आणि बाथरूम एक. लवकर सांगा. नुसतं 'डॉक्टरला दाखवा' नको.

डिचोलीकर
कंट्रोल म्हणजे किती? गोळ्या कोणत्या?

जायांची माळ
उपाशीपोटी १०८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९. गोळ्या नेहमीच्याच.

उकडा तांदूळ
गोळ्यांनीच वाट लागते. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड. माझी आत्या सहा वर्षं घेतेय.

पेडण्याची सून
आत्याला खाज होती का? नाही ना? मग?
ताई, 'नेहमीच्या' नको, पाकीट हातात घेऊन नाव लिहा.

जायांची माळ
मेटफॉर्मिन ५०० दोनदा. मे महिन्यात एक पिवळी वाढवली, डापाग्लिफ्लोझिन १०. लघवीत साखर चार प्लस आली होती, पण रक्तात १०८ म्हणजे लॅबचाच घोळ.

पेडण्याची सून
घोळ नाही हो! ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते. मग खाज आणणाऱ्या बुरशीला खालीच गोडधोड. माझ्या वेळी संडासात मुंग्यांची रांग लागायची, सासूबाई खडूने रेघा ओढत बसायच्या. डॉक्टरांनी गोळी बदलली, तेव्हा थांबलं. आपल्या मनाने बंद करू नका, उद्याच फोन करा.

फोंडेकर
बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा. फोंड्याहून थेट बस आहे का हल्ली?

डिचोलीकर
पणजीत उतरून मडगावची पकडायची. पण विषय तो नाही.

उकडा तांदूळ
शेवटी इन्सुलिनवर आणतील, बघा. एकदा सुरू झालं की सुटत नाही.

जायांची माळ
इन्सुलिन कोणी विचारलं? आणि आम्ही दिवाळीनंतर चान्स घेणार आहोत, मला नवीन भानगड नको.

पेडण्याची सून
हे आत्ता सांगताय?! ती पिवळी गरोदरपणात चालत नाही, आधीच बदलून घ्यावी लागते. एचबीए१सीही ६.५ च्या खाली आणायला सांगतात, कारण बाळाचं हृदय, मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, तेव्हा बाईला कळलेलंही नसतं. मला फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅमची गोळी तीन महिने आधीपासून दिली होती. आणि तांदूळभाऊ, मी नऊ महिने इन्सुलिन घेतलं, बाळंत झाल्यावर सुटलं.

उकडा तांदूळ
तुमचं सुटलं असेल.

डिचोलीकर
जायांची माळ, आणखी काही घेता? बीपीची वगैरे?

जायांची माळ
बीपीची आहे एक. पण ती कुठे डायबेटिसची?

डिचोलीकर
नाव लिहा. रामिप्रिल असेल तर तीही गरोदरपणाआधी बदलतात.

जायांची माळ
थांबा, पाकीट शोधते.