‘लोर’, ‘कॅनन’ आणि ‘रेटकॉन’: मराठीत काय म्हणावे?

विचारणा (लातूर)

आमच्याकडे दर रविवारी दुपारी पाच-सहा जण टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन, फासे टाकत खेळायचा कथाखेळ खेळतात. पुस्तके इंग्रजी असली तरी बोलणे सगळे मराठीतच चालते. २०२४ चे सुधारित नियमपुस्तक आल्यापासून आमच्यात दोन तट पडले आहेत. कंपनीने खेळाचे लोर, म्हणजे त्याच्या जगाचा इतिहास आणि कथा, मोडले असे एकाचे म्हणणे, तर लोर पहिल्यापासून बदलतच आले आहे असे दुसऱ्याचे. मागच्या रविवारी हा वाद एवढा लांबला की फासे डब्यातून बाहेरच निघाले नाहीत आणि चहाचे कप मात्र तीनदा भरले गेले. नव्या खेळाडूंसाठी मी मराठीत एक टिपण तयार करीत आहे. त्यात लोर, कॅनन (खेळात खरे धरायचे ते) आणि रेटकॉन (आधी सांगितलेले मागाहून बदलणे) या तीन शब्दांपाशी अडलो आहे. तूर्त अनुक्रमे ‘दंतकथा’, ‘अधिकृत’ आणि ‘बदल’ असे लिहिले आहे, पण एकही शब्द पक्का वाटत नाही. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

तीनही शब्द कच्चे आहेत हे खरे. त्यातही सर्वांत जास्त घोळ तिसऱ्याने घातला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘बदल’ या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि माझा अंदाज असा की आपल्या टेबलावरचे दोन्ही तट वेगवेगळ्या बदलांविषयी बोलत असल्यामुळेच त्यांचे जुळत नाही.

पहिला प्रकार पाहा. २००८ मध्ये या खेळाची चौथी आवृत्ती आली, तेव्हा ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगाचा काळ सुमारे शंभर वर्षांनी पुढे सरकवला गेला. जादूची देवता मिस्ट्रा मारली गेली, ‘स्पेलप्लेग’ नावाचा जादूचा उत्पात झाला, देश बुडाले आणि नकाशा बदलला. पुष्कळ जुने खेळाडू तेव्हा संतापले. पण हे सारे त्या जगाच्या आत, त्याच्याच दिनदर्शिकेत घडले होते. म्हणून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या सुमारास आणखी एक घडामोड दाखवून मिस्ट्राला परत आणता आले. याला मी सरळ ‘फेरफार’ म्हणेन. ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध आला आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो, नवे नाव चढते आणि शेजारी फेरफार क्रमांक पडतो. जुने नाव कंसात का होईना, दिसत राहते. ते कधी होते आणि कशामुळे गेले, हे त्या क्रमांकावरून काढता येते.

दुसरा प्रकार टीफलिंगचा. १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मध्ये टीफलिंग म्हणजे ज्याच्या वंशात मागे कुठेतरी एखादा सैतानी पूर्वज होऊन गेला आहे असा माणूस, आणि त्याची खूण कुणाच्या डोळ्यांत, कुणाच्या पायांत, कुणाच्या नुसत्या वासात असे. २००८ मध्ये मात्र सर्व टीफलिंगांना सारखी शिंगे आणि जाड शेपूट आली, आणि एका बुडालेल्या साम्राज्याच्या सरदारांनी केलेल्या कराराशी त्यांचे मूळ जोडले गेले. येथे त्या जगात काहीही घडले नव्हते. कुणी शाप दिला नाही की युद्ध झाले नाही. पहिल्यापासून असेच होते, असे पुस्तकाने सांगितले आणि जुने सांगणे गुपचूप मिटले. विश्वरचनेचेही तेच झाले. ‘ग्रेट व्हील’ हे जुने चक्र काढून नवी मांडणी आली, आणि पुढच्या आवृत्तीत चक्र परतले तेव्हा नव्या मांडणीतले ‘फेवाइल्ड’ आणि ‘शॅडोफेल’ हे दोन प्रदेश त्याच्याशी जोडलेलेच राहिले.

रेटकॉन म्हणतात तो हा दुसरा प्रकार. त्याला मी ‘पूर्वलक्षी दुरुस्ती’ सुचवतो. पगारवाढीचा शासन निर्णय ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ लागू होतो म्हणजे काय, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. निर्णय आजचा, परंतु तो दोन वर्षांपूर्वीपासूनच अमलात होता असे मानायचे. सातबाऱ्याचीच उपमा पुढे न्यायची तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली होणारी लेखनप्रमादाची दुरुस्ती याच जातीची आहे. जमीन कुणी विकली नाही, कुणी मेले नाही, नोंदच चुकीची होती असे ठरते. आमच्या गावाकडच्या एका तुकड्याबाबत १९५४-५५ च्या खासरा पत्रकात एक नाव आणि पुढच्या सातबाऱ्यावर दुसरे नाव आहे. हा फेरफार की लेखनप्रमाद, यावर दोन चुलत घरे माझ्या आठवणीपासून भांडत आहेत. आपल्या मंडळींचे भांडण मला तसेच दिसते. एक म्हणतो ‘लोर नेहमीच बदलत आले’, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मिस्ट्रा आहे. दुसरा म्हणतो ‘मोडले’, कारण त्याच्या मनात टीफलिंगची शेपूट आहे.

आता लोर. ‘दंतकथा’ नको, कारण दंतकथेत खरेखोटेपणाचा संशय अंगभूत आहे, आणि खेळाच्या जगात तर लोर हीच वस्तुस्थिती असते. ‘पूर्वकथा’ फार आखूड पडते. मला विचाराल तर ‘पुराण’ हा शब्द बरोबर बसतो. पुराणाची पाच लक्षणे सांगतात: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरे आणि वंशानुचरित. सृष्टी कशी झाली, पुन्हा कशी झाली, देवांचे आणि राजांचे वंश, युगे आणि घराण्यांच्या हकिकती. या खेळाचे कोणतेही जगवर्णन उघडले तर याहून वेगळे काय सापडते? एक अडचण मात्र मान्य करतो. बोलीत ‘पुराण लावले’ म्हणजे कंटाळा आणला. पण ज्याने एखाद्या हौशी डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) एल्फांच्या वंशावळी तासभर ऐकल्या आहेत, त्याला हाही अर्थ अगदीच गैरलागू वाटणार नाही.

कॅननला ‘अधिकृत’ म्हटले की शिक्का कुणी मारला एवढेच कळते. ‘प्रमाण’ अधिक चांगले, कारण कशाला प्रमाण मानायचे हा प्रश्न त्यातच येतो. २०२१ मध्ये कंपनीच्या बाजूने असे स्पष्ट करण्यात आले की २०१४ पासूनच्या पाचव्या आवृत्तीच्या खेळपुस्तकांत जे आहे तेवढेच खेळापुरते प्रमाण. त्याआधीची पुस्तके आणि आजवरच्या कादंबऱ्या त्यात धरायच्या नाहीत. म्हणजे १९७४ पासूनची चार दशके एका वाक्यात प्रमाणाबाहेर गेली. ती खोटी ठरली असे मात्र नाही, आणि ‘अधिकृत’ या शब्दाने हा फरक दाखवता येत नाही.

जाता जाता ‘आवृत्ती’विषयी. या शब्दाच्या मुळात परत फिरून येणे आहे, त्यामुळे ‘सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती’ म्हटले की तेच पुस्तक पुन्हा आले असे आपण समजतो. या खेळाच्या आवृत्तीत मात्र २००८ सारखे पायापासून बांधकामही होते. लोर मोडल्याचा राग काही अंशी तरी या शब्दाने लावलेल्या अपेक्षेचा आहे.

प्रतिसाद (अंबाजोगाई)

दादा, आपली फेरफाराची फोड आवडली. मी निवृत्त शिक्षिका आहे. हा खेळ नातवाकडून ऐकून माहीत आहे, तेव्हा खेळाबद्दल चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. ‘पूर्वलक्षी दुरुस्ती’ अर्थाला नेमकी आहे, पण टेबलावर बसलेला मुलगा ती तोंडाने कधी म्हणेल असे मला वाटत नाही. आपल्या मराठवाड्यात याच व्यवहाराचे जुने शब्द पडून आहेत, ते पाहावेत.

पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ आधीच शुद्ध होता, पण ‘पाठांतरीं’ तो बिघडला, असे ते सांगतात. त्या ठिकाणी पाठांतर म्हणजे दुसरा पाठ, पडलेला फरक. आज आपण त्याच शब्दाने घोकंपट्टी समजतो. आणि यापुढे जो कुणी स्वतःची ओवी आत घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली आहे. आपल्या दुसऱ्या तटाचे म्हणणे याहून निराळे नाही.

त्यांच्याही आधी महानुभावांनी उलट वाट धरली. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि मग स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, असे पंथाची परंपरा सांगते. त्या पोथ्यांमध्ये एखाद्या लीळेबद्दल दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर दुसरी खोडून न टाकता तिलाही जागा दिलेली दिसते, आणि अशा भिन्न पाठाला तिथे ‘वासना’ म्हणतात. हा शब्द आज रविवारच्या टेबलावर चालवता येणार नाही, हे मी शिक्षिका असले तरी मला कळते! पण ‘पाठ’ चालेल. ‘चौथीचा पाठ’, ‘पाचवीचा पाठ’, ‘आमच्या टेबलाचा पाठ’. फक्त हे इयत्तांसारखे ऐकू येते, त्याला माझा इलाज नाही.

पुन्हा विचारणा करणाऱ्याकडून (लातूर)

बाई, आणि संभाजीनगरकर, दोघांचेही आभार. टिपणात ‘पुराण’, ‘प्रमाण’ आणि ‘फेरफार’ घेतले आहेत. रेटकॉनला लेखी ‘पूर्वलक्षी दुरुस्ती’ आणि बोलताना ‘पाठ बदलला’ असे ठेवले आहे. काल ते मोठ्याने वाचून दाखवले. ऑर्क (खेळातला एक राक्षसी वंश) आता खेळाडूंच्या पुस्तकात आले हा फेरफार की पाठ, यावर लगेच वाद लागला, कारण त्यामागे कोणतीही घडामोड सांगितलेली नाही. शेवटी बहुमताने तो पाठ ठरला. नव्या पुस्तकाने ‘रेस’ काढून ‘स्पीशीज’ केले आहे, त्याबद्दल मात्र कुणी भांडले नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून ‘वंश’ म्हणतो, आणि त्या जागी ‘जात’ लिहावे असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात कधी आले नव्हते.

टीफलिंग खेळणाऱ्या आमच्या मित्राने आपल्या कागदावर शेपूट कंसात लिहिली आहे. फेरफार क्रमांक घातलेला नाही.