मदत हवी आहे : माजी सैनिकासाठी पुण्यात पॅरा-रोइंग

नमस्कार. माझे थोरले बंधू सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार असून मणक्याच्या दुखापतीमुळे त्यांच्या कमरेखाली हालचाल वा संवेदना नाही. सुरुंगस्फोटात पाय गमावलेले जवान नारायण कोंगनापल्ले यांनी जोडीदार अनिता यांच्यासोबत २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पॅरा-रोइंगमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या नाव वल्हवण्याच्या शर्यतीत, रौप्यपदक जिंकले, तेव्हापासून दादांनी रोइंगचा ध्यासच घेतला आहे. ते बहुधा पीआर१ गटात, म्हणजे केवळ खांदे व हातांच्या बळावर वल्हवणाऱ्यांत मोडतील. त्यासाठी स्थिर आसन, पाठीला टेकू, छातीला पट्टा आणि बाजूंना तोल सांभाळणारे तरंगे (फ्लोट) असलेली नाव लागते. अशी नाव व जाणकार प्रशिक्षक पुण्यात कोठे मिळतील? शिवाय बसून कातडी सोलवटली तरी त्यांना कळत नाही, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटते. म्हणून आसनावर कोणती गादी घालावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.